उत्तराऐवजीं उपहास

इ. स. १९१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्रांत लॉर्ड लॅन्सडाउन यांचें एक पत्र प्रसिद्ध झालें. पहिल्या महायुद्धाचें तें चौथें वर्ष होतें. पाशेंडेलची लढाई संपून तीन आठवडेहि झाले नव्हते, आणि त्या एका लढाईंत ब्रिटिश साम्राज्याचीं सुमारें अडीच लक्ष माणसें मेलीं किंवा जायबंदी झालीं होतीं. रशियांत बोल्शेव्हिकांच्या हातीं सत्ता जाऊन एक मोठें मित्रराष्ट्र युद्धांतून निसटण्याच्या बेतांत होतें. अशा वेळीं बहात्तर वर्षांच्या या मुत्सद्द्यानें लिहिलें कीं, हें युद्ध आपण हरणार नाहीं हें खरें. परंतु तें असेंच लांबत गेलें तर सुधारलेल्या जगाचा सर्वनाश ओढवेल, म्हणून आपण कशासाठीं लढत आहों हें एकदां स्पष्टपणें बोलून दाखवावें. जर्मन राष्ट्राचा उच्छेद करणें हा आपला हेतु नाहीं. जर्मन लोकांना नको असलेली राज्यपद्धति त्यांच्या माथीं मारावयाची नाहीं. जगाच्या व्यापारांतील त्यांचें स्थान हिरावून घ्यावयाचें नाहीं. समुद्रसंचाराच्या स्वातंत्र्याचा प्रश्न युद्धानंतर विचारांत घेण्यास आपण तयार आहों. आणि राष्ट्राराष्ट्रांतील तंटे शांततेच्या मार्गानें मिटविण्याच्या करारांत आपण सामील होऊं. अशीं पांच आश्वासनें शत्रूस द्यावीं, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

हें लिहिणारा मनुष्य कोणी शांततेचा भाबडा उपासक नव्हता. १८८८ पासून १८९४ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, १८९५ पासून १९०० पर्यंत इंग्लंडचे युद्धमंत्री, त्यानंतर १९०५ पर्यंत परराष्ट्रमंत्री, आणि पुढें कित्येक वर्षें वरिष्ठ सभेंतील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते, अशी त्यांची कारकीर्द होती. १९०२ सालीं जपानशीं झालेला तह आणि १९०४ सालीं फ्रान्सशीं झालेला स्नेहाचा करार हीं त्यांच्याच अमदानींतील कामें. ज्या फ्रान्सच्या भूमीवर इंग्रज तरुण मरत होते, त्या फ्रान्सशीं मैत्री त्यांनींच जुळविली होती. शिवाय युद्ध सुरू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यांत, १९१४ च्या ऑक्टोबरांत, त्यांचा धाकटा मुलगा ईप्रच्या रणांगणावर पडला होता. युद्धाविषयीं बोलण्याचा अधिकार कोणास असेल तर तो अशाच मनुष्यास असावयाचा.

तथापि झालें तें निराळेंच. 'टाइम्स' पत्राच्या संपादकांनीं तें पत्र छापण्याचें नाकारलें, म्हणून तें दुसरीकडे द्यावें लागलें. तें प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यांच्याच पक्षाचे पुढारी बोनर लॉ यांनीं, हें पत्र म्हणजे राष्ट्रावर कोसळलेली एक आपत्तिच आहे, असें पक्षाच्या सभेंत सांगून टाकलें. लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्या मालकीच्या पत्रांनीं तर त्यांच्यावर झोडच उठविली. म्हातारपणीं यांचा धीर सुटला. ज्यांना विजयाची चाड नाहीं तेच असलें लिहितात. अशा सुराच्या बोलण्याला ऊत आला. त्या पांच आश्वासनांपैकीं कोणतें चुकीचें आहे, आणि कां, याचा विचार या गदारोळांत फार थोड्यांनीं केला.

आतां पुढची गोष्ट पाहा. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत, १९१८ च्या जानेवारीच्या ५ व्या तारखेस, मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांनीं कॅक्स्टन हॉलमध्यें कामगार संघांच्या प्रतिनिधींपुढें भाषण करून युद्धाचे हेतु जाहीर केले. जर्मनीचा नाश करण्यासाठीं आपण लढत नाहीं, तिची राज्यघटना मोडण्याकरितांहि आपण युद्धांत उतरलों नाहीं, आणि पुढील तंटे युद्धावांचून मिटविण्यासाठीं राष्ट्रांची एखादी संस्था निर्माण झाली पाहिजे, असें त्यांनीं त्या भाषणांत सांगितलें. त्यानंतर तीनच दिवसांनीं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं आपलीं प्रसिद्ध चौदा कलमें मांडलीं. त्यांत समुद्रसंचाराचें स्वातंत्र्यहि होतें आणि राष्ट्रसंघाची कल्पनाहि होती. दोघांच्या मागण्यांत लॅन्सडाउन यांच्या पत्राहून अधिक असें पुष्कळ होतें, हें कबूल केलें पाहिजे. तरी पण जें बोलणें नोव्हेंबरांत भेकडपणाचें ठरलें, त्यांतील बराचसा भाग जानेवारींत मुत्सद्देगिरीचा ठरला, ही गोष्ट कांहीं झांकत नाहीं. शब्द जवळजवळ तेच. बदललें होतें तें तोंड.

येथेंच आमच्या प्रश्नाचें मूळ आहे. एखाद्या बोलण्याची किंमत बोलणाऱ्यावरून करावी, कीं बोलण्यावरून करावी? आणि बोलणारा जर वयानें वृद्ध, पूर्वचरित्रानें सदोष आणि पक्षानें परका असेल, तर त्याच्या बोलण्याला हंसून वाटेस लावणें न्यायाचें होईल काय? प्रश्न जुना आहे; पण प्रत्येक युद्धांत तो नव्यानें उभा राहतो, आणि प्रत्येक युद्धांत बहुतेक लोक त्याचें चुकीचें उत्तर देतात, म्हणून त्याचा पुन्हा विचार करणें अवश्य आहे.

योगायोग असा कीं, लॅन्सडाउन यांचें पत्र छापलें गेलें त्याच्या बरोबर नऊ दिवस आधीं, १९१७ च्या नोव्हेंबरच्या २० व्या तारखेस, अमेरिकेंत एक मूल जन्मास आलें होतें. त्याच मुलाला पंचाऐशीव्या वर्षीं अशाच प्रसंगाला तोंड द्यावयाचें होतें. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानाचे प्रतिनिधि रॉबर्ट बर्ड हे १९५९ सालापासून अमेरिकेच्या सेनेटचे सभासद होते. २००२ च्या ऑक्टोबरांत इराकविरुद्ध बळाचा उपयोग करण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना देणारा ठराव सेनेटमध्यें ७७ विरुद्ध २३ मतांनीं पसार झाला. त्या तेवीस जणांत बर्ड हे प्रमुख होते. पुढें २००३ च्या फेब्रुवारीच्या १२ व्या तारखेस ते सेनेटमध्यें उभे राहिले आणि युद्ध दाराशीं आलें असतां हें सभागृह इतकें निःशब्द कां, असा त्यांनीं सवाल केला. ज्या राष्ट्रानें आपणांवर हल्ला केलेला नाहीं त्याच्यावर, तें पुढें केव्हां तरी करील या भयानें, आधींच हल्ला करणें कोणत्या नीतींत बसतें? या युद्धाला खर्च किती येईल? बगदाद घेतल्यावर पुढें काय करावयाचें? हे त्यांचे मुख्य प्रश्न होते. युद्ध व्हावयाचें तें मार्चमध्यें झालेंच.

बर्ड यांचा उपहास करणाऱ्यांना सामग्रीची वाण नव्हती. त्यांचें बोलणें जुन्या वळणाचें, रोमच्या इतिहासांतील दाखल्यांनीं भरलेलें. खिशांत राज्यघटनेची लहानशी प्रत सदैव बाळगावयाची आणि भाषणाच्या भरांत ती बाहेर काढून दाखवावयाची, ही त्यांची लकब. सरकारी पैसा आपल्या संस्थानाकडे वळवून रस्त्यांना व इमारतींना स्वतःचें नांव मिळविण्याबद्दल ते प्रसिद्धच होते. परंतु या सर्वांहून गंभीर असा एक डाग त्यांच्या चरित्रावर होता. १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत ते 'कु क्लक्स क्लॅन' या काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या कुप्रसिद्ध संघटनेंत होते. इतकेंच नव्हे तर तिची एक शाखाहि त्यांनीं उभारली होती. १९६४ सालीं काळ्या नागरिकांना समान हक्क देणारा कायदा अडवून धरण्यासाठीं ते सेनेटमध्यें सलग चौदा तासांहून अधिक वेळ बोलले होते. पुढें या दोन्ही गोष्टींबद्दल त्यांनीं जाहीरपणें पश्चात्ताप व्यक्त केला. पण युद्धाच्या पक्षपात्यांना हें घबाडच मिळालें. बर्ड यांनीं इराकचें नांव काढलें कीं त्यांनीं क्लॅनचें नांव काढावें, असा क्रमच पडून गेला.

आतां निःपक्षपातीपणानें विचार करूं. क्लॅनचा डाग खरा होता. तो लहान नव्हता, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं त्या संघटनेच्या हातून मरण भोगलें त्यांनीं तो विसरावा असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण प्रश्न असा आहे कीं, त्या डागाचा इराकमधील शस्त्रांशीं संबंध कोणता? इराकपाशीं सर्वसंहारक शस्त्रांचे सांठे आहेत कीं नाहींत, ही गोष्ट बर्ड यांच्या तरुणपणच्या पापांवरून ठरणारी नव्हती. ती शोधावयाची होती. आणि शोधल्यावर, २००४ सालीं अमेरिकन सरकारनेंच नेमलेल्या तपासमंडळाच्या अहवालांतून, तसले सांठे तेथें नव्हते असें निष्पन्न झालें. अमेरिकेचे सुमारें साडेचार हजार सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी लोक त्या युद्धांत व त्यामागून आलेल्या अंदाधुंदींत प्राणांस मुकले.

येथें वाचक म्हणतील, 'म्हणजे बर्ड खरे ठरले, म्हणून त्यांचा उपहास वाईट.' नाहीं, आमचें म्हणणें तसें नाहीं. लॅन्सडाउन यांचेंच उदाहरण घ्या. ते खरे ठरले कीं खोटे, हें आजहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. त्यांच्या पत्रानंतर चार महिन्यांच्या आंत जर्मनीनें रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा कठोर तह लादला आणि १९१८ च्या मार्चमध्यें पश्चिम आघाडीवर प्रचंड चढाई केली. अशा राष्ट्राच्या राज्यकर्त्यांनीं नोव्हेंबरांतील सौम्य शब्दांना दाद दिली असती असें मानणें कठीण आहे. उलट, पुढच्या पिढीनें व्हर्सायच्या तहाचीं फळें भोगलीं तेव्हां, त्या वृद्धाचें कांहीं अंशीं तरी ऐकावयास पाहिजे होतें, असें पुष्कळांस वाटलें. म्हणजे त्यांचें म्हणणें वादग्रस्त होतें. पण वादग्रस्त म्हणण्याला वादानें उत्तर द्यावयाचें असतें. 'जर्मनीचे सेनापति अजून तहास तयार नाहींत, आणि आपण आतां नमतें बोललों तर त्यांची हांव वाढेल,' असें जर कोणी लॅन्सडाउन यांना शांतपणें सांगितलें असतें, तर तें उत्तर झालें असतें, आणि तें कदाचित् बरोबरहि ठरलें असतें. उपहासानें मात्र हें उत्तर दिलें नाहीं. त्यानें केवळ प्रश्न विचारणारालाच सभेंतून उठवून लावलें. तेव्हां उपहासाचा दोष हा कीं तो चुकीच्या बाजूला असतो, असें नव्हे. तो बरोबर बाजूला असला तरी त्याचा दोष कायमच राहतो. कारण आपण बरोबर आहों हें त्याला स्वतःलाहि ठाऊक नसतें. त्यानें तें तपासूनच पाहिलेलें नसतें.

असल्या उपहासाचे प्रकार फार नाहींत; तीनच आहेत, आणि ते तिन्ही आपल्या महाभारतांत आढळतात. पहिला वयाचा. भीष्मांनीं कौरवसेनेंतील रथी-महारथींची गणना करतांना कर्णाला कमी लेखलें, तेव्हां कर्ण म्हणाला कीं, वृद्धांचें ऐकावें असें शास्त्र सांगतें, पण अतिवृद्धांचें नव्हे; कारण ते पुन्हा पोरासारखे झालेले असतात. दुसरा हेतूचा. द्यूताच्या वेळीं विदुर हिताचें सांगूं लागला तेव्हां दुर्योधनानें त्याला सुनावलें कीं, तूं आमच्या अन्नावर वाढून शत्रूंचे गुण गातोस. तिसरा पूर्वचरित्राचा, आणि हा मात्र कोणी करावयाच्या आधीं भीष्मांनीं स्वतःच आपल्यावर ओढवून घेतला होता, कारण भर सभेंत द्रौपदीनें न्याय मागितला तेव्हां त्यांनीं धर्माची गति सूक्ष्म आहे एवढेंच सांगून हात झटकले होते. त्या दिवशीं न बोललेल्या भीष्मांनीं पुढें दुर्योधनाला युद्धापासून परावृत्त करण्यासाठीं कितीहि सांगितलें, तरी ऐकणाऱ्याच्या मनांत 'तेव्हां कोठें गेला होता तुमचा धर्म?' हा प्रश्न उभा राहिल्यावांचून राहत नाहीं. प्रश्न रास्त आहे. पण त्या प्रश्नानें पांडवांशीं तह करणें शहाणपणाचें होतें कीं नव्हतें, याचा निकाल लागत नाहीं. भीष्म सभेंत चुकले होते आणि भीष्म तहाविषयीं बरोबर सांगत होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या होत्या. दुर्योधनाला दोन्ही एकत्र मनांत धरतां आल्या नाहींत, हा त्याचा नाश.

येथें एक भेद नीट लक्षांत ठेवला पाहिजे. तो म्हणजे साक्ष आणि युक्तिवाद यांतील भेद. न्यायालयांत साक्षीदार जेव्हां 'मीं हें डोळ्यांनीं पाहिलें' असें सांगतो, तेव्हां त्याचें शील, त्याचा पूर्वेतिहास, त्याचा स्वार्थ हीं सर्व तपासणें योग्यच असतें. कारण तेथें त्याच्या शब्दावांचून आपणांपाशीं दुसरा आधार नसतो. परंतु वकील जेव्हां युक्तिवाद करतो, तेव्हां त्याचें खासगी वर्तन कसें आहे हें न्यायाधीश पाहत नाहीं. युक्तिवादाच्या कड्या एकमेकींत बसतात कीं नाहीं एवढेंच पाहतो. युद्धाविरुद्ध बोलणारा मनुष्य 'माझ्यावर विश्वास ठेवा' असें म्हणत असेल तर त्याचें चरित्र अवश्य उलगडावें. पण लॅन्सडाउन किंवा बर्ड यांनीं तसें म्हटलें नव्हतें. त्यांनीं प्रश्न विचारले होते. आणि प्रश्न हा तर युक्तिवादाहूनहि निर्लेप असतो. पुरावा कोठें आहे, किंमत काय पडेल, शेवट कसा होईल, हे प्रश्न चोरानें विचारले तरी तेच राहतात आणि साधूनें विचारले तरी तेच राहतात. उलट 'माझ्यावर विश्वास ठेवा' असें जर कोणी म्हणत होतें, तर तें युद्धाचें समर्थन करणारें सरकार. आणि ज्याचें चरित्र तपासावयाचें तो साक्षीदार खरोखर तेथें होता.

एवढ्यावर प्रश्न संपता तर तो दूरच्या लोकांचा म्हणून आपण तटस्थपणें पाहिला असता. पण लॅन्सडाउन हें नांव आपणांस परकें नाहीं. १८९१ चा संमतिवयाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत झाला, आणि त्यावरून टिळक व आगरकर यांच्यांतील फाटाफूट किती विकोपास गेली हें महाराष्ट्र जाणतो. त्याच वर्षीं मणिपूरच्या बंडावा प्रकरणीं युवराज टिकेंद्रजित यांना ऑगस्टच्या १३ व्या तारखेस इंफाळ येथें फांशी देण्यांत आलें. ती शिक्षा कायम करणाऱ्या सरकारचे मुख्य हेच लॅन्सडाउन होते. तेव्हां सुधारलेल्या जगाच्या नाशाची चिंता वाहणारें त्यांचें पत्र वाचतांना आपल्या मनांत सहज येतें कीं, 'मणिपुरांत ही चिंता कोठें होती?' हा उद्गार ओठांवर आल्यावांचून राहत नाहीं, हें प्रस्तुत लेखकानें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. म्हणजे बर्ड यांना हंसणाऱ्यांपाशीं जसें हत्यार होतें, तसें लॅन्सडाउन यांना हंसण्यासाठीं आपणांपाशींहि आहे; आणि तें त्यांच्या देशबांधवांच्या हत्याराहून अधिक धारदार आहे.

पण तें हत्यार चालविण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट आठवावी. त्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं आणि सत्तर हजारांहून अधिक परत आलीं नाहींत. आज ज्याला आपण इराक म्हणतों त्याच मेसोपोटेमियांत, कूत येथें, पुणें डिव्हिजन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या फौजेला १९१६ च्या एप्रिलांत उपासमारीनें शरण जावें लागलें. तींत मराठा पलटणीहि होत्या, आणि कैद झालेल्यांपैकीं पुष्कळ शिपाई तुर्कांच्या बंदिवासांत मेले. लॅन्सडाउन यांचें पत्र आलें तेव्हां युद्धाचें आणखी एक वर्ष बाकी होतें. सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून पोरगा त्या शेवटच्या वर्षीं गेला, त्या घराला 'युद्ध कशासाठीं?' या प्रश्नाच्या उत्तराची गरज होती. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हाताला मणिपूरचें रक्त लागलें होतें कीं नाहीं, यावर त्या घराचें सुखदुःख अवलंबून नव्हतें. मणिपूरबद्दल लॅन्सडाउन यांना दोष द्यावा, आणि तो पुरेपूर द्यावा. पण मणिपूरच्या पापाचें प्रायश्चित्त कूतच्या शिपायाकडून घेऊं नये.

किंबहुना पूर्वचरित्राच्या डागानें असल्या मनुष्याच्या बोलण्याचें वजन कमी होण्याऐवजीं कांहीं वेळां वाढतेंच. लॅन्सडाउन युद्धमंत्री असतांना बोअर युद्ध सुरू झालें, आणि त्या युद्धांतील अपुऱ्या तयारीचें खापर त्यांच्याच माथ्यावर फुटलें होतें. बर्ड यांनीं १९६४ सालीं व्हिएतनामच्या युद्धाचें दार उघडणाऱ्या टोंकिनच्या आखाताच्या ठरावाला मत दिलें होतें, आणि इराकच्या वादांत त्यांनीं तें आपलें मत चुकलें असें स्वतःच सांगितलें. ज्यानें घाईनें दिलेल्या मताचें फळ एकदां पाहिलें आहे, तो दुसऱ्यांदां 'थांबा' म्हणतो, तेव्हां त्याला ढोंगी म्हणावें कीं अनुभवी म्हणावें? ज्याला ठेंच लागली नाहीं त्याला वाटेंतला दगड ठाऊक नसतो. उपहास करणाराची मागणी अशी असते कीं, मनुष्यानें आपल्या वाईटांत वाईट दिवसाशीं जन्मभर खिळून राहावें, आणि सुधारला तर त्याला दुटप्पी म्हणावें. या कसोटीला उतरून बोलावयाचें तर निष्पाप मनुष्यच शोधावा लागेल. आणि तो मिळत नाहीं, म्हणून युद्धाला प्रश्न विचारणाराच उरणार नाहीं.

उपहासाचा जुळा भाऊ म्हणजे पक्षीय स्तुति. तिच्याविषयींहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. १९०९ सालीं लिबरल सरकारचें अंदाजपत्रक वरिष्ठ सभेनें फेटाळलें, त्यांत पुढाकार लॅन्सडाउन यांचा होता. त्या वेळीं गरिबांचे शत्रू म्हणून पुढारलेल्या मतांच्या लोकांनीं त्यांची यथेच्छ निंदा केली. आठ वर्षांनीं त्यांचें पत्र निघतांच त्याच लोकांपैकीं कित्येकांना ते दूरदर्शी वाटूं लागले. बर्ड यांचेंहि तसेंच झालें. जे त्यांना जुनाट व हेकेखोर म्हणून टाळीत, त्यांतील पुष्कळांनीं २००३ सालीं त्यांना डोक्यावर घेतलें. या स्तुतींत व त्या निंदेंत तत्त्वतः भेद नाहीं. दोघांनींहि बोलणें ऐकलें नाहीं. तें आपल्या उपयोगाचें आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें. म्हणून दुसऱ्या पक्षाच्या उपहासावर रागावणाऱ्यानें, आपल्या पक्षाच्या टाळ्या कशासाठीं पडल्या, हेंहि तपासून पाहावें.

मग उपहास सर्वस्वीं वर्ज्यच काय? तसें म्हटलें तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'वर पोसलेल्या आम्हां मराठी वाचकांना तें शोभणार नाहीं. कोल्हटकरांनीं रूढींचा, अंधश्रद्धेचा, पोकळ प्रतिष्ठेचा उपहास केला. वाचक हंसला आणि हंसतां हंसतां विचार करूं लागला. याच महाराष्ट्रांत आगरकरांच्या विरोधकांनीं ते जिवंत असतांच त्यांची प्रेतयात्रा काढली. पाहणारे हंसले, आणि हंसल्यावर विचार करण्याचें कारण उरलें नाहीं असें समजून घरीं गेले. दोन्हींत हंसूंच होतें. परंतु एक हंसूं झांकलेली गोष्ट उघडी करतें, दुसरें उघडी झालेली गोष्ट झांकून टाकतें. एक बलिष्ठांच्या विरुद्ध चालतें, दुसरें बहुमताच्या आडोशानें एकट्यावर चालतें. उपहासापूर्वीं जो प्रश्न आपल्यापुढें होता तो उपहासानंतर अधिक स्पष्ट झाला कीं नाहींसा झाला, एवढें पाहिलें म्हणजे दोहोंची पारख होते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. युद्ध चालू असतां घरांतील थोर पुरुषांनीं शंका काढल्या तर आघाडीवरील शिपायाचा धीर खचतो व शत्रूला बळ येतें, असें म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. काय बोलावें याइतकेंच केव्हां व कोठें बोलावें हेंहि जबाबदार मनुष्यानें पाहिलें पाहिजे. लॅन्सडाउन यांनीं तें पाहिलें होतें; एक वर्ष आधीं, १९१६ च्या नोव्हेंबरांत, हेच विचार त्यांनीं मंत्रिमंडळापुढें खासगी टिपणानें मांडले होते, आणि तेथें त्यांचा उपयोग झाला नाहीं तेव्हांच ते जाहीरपणें बोलले. पण शिपायाच्या नांवानें हा आक्षेप काढणारांनीं शिपायाच्या बाजूनेंहि पाहावें. तो जीव देण्यास तयार होतो तो एका विश्वासावर: मागें राहिलेल्यांनीं हें मरण अवश्य आहे कीं नाहीं याचा नीट विचार केला असेल, हा तो विश्वास. तो विचार करणाराला हंसून गप्प बसविणें हा शिपायाचा कैवार नव्हे. ती त्याच्या विश्वासाशीं केलेली प्रतारणा होय.

शेवटीं, असल्या उपहासाचा खरा बळी कोण, हें पाहिलें पाहिजे. तो वृद्ध नव्हे. लॅन्सडाउन पुढें दहा वर्षें जगले. बर्ड तर २०१० सालीं, ब्याण्णवाव्या वर्षीं, सेनेटचे सभासद असतांनाच वारले. ज्यानें सत्ता, मान, अपमान सगळें भोगून टाकलें आहे त्याला चार टवाळांच्या हंसण्यानें काय होणार? बळी जातो तो त्याच सभेंत मागच्या बांकावर बसलेला तरुण सभासद. त्याच्याहि मनांत तीच शंका असते. पण एवढ्या थोर माणसाची जर ही गत झाली, तर आपली काय होईल, असें मनाशीं म्हणून तो खालीं मान घालतो आणि मत देऊन मोकळा होतो. बर्ड यांनीं त्या फेब्रुवारींत सभागृह निःशब्द असल्याची तक्रार केली. ती शांतता विचाराची नव्हती. पुष्कळ अंशीं ती अशाच भयाची होती. आणि त्या शांततेंत जें ठरलें त्याची किंमत त्या सभागृहांत बसलेल्यांपैकीं फार थोड्यांना मोजावी लागली.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या वृद्धाशीं सहमत होण्याचें बंधन कोणावर नाहीं. त्याला उत्तर देण्याचें बंधन मात्र प्रत्येकावर आहे. उत्तर देऊन झाल्यावर ज्याला हंसावयाचें असेल त्यानें खुशाल हंसावें. अनुभव असा आहे कीं, प्रामाणिकपणें उत्तर शोधूं लागलेल्या मनुष्याला बहुधा हंसूं येत नाहीं.